ट्रॅक्टरच्या टपावरचा फायबरचा एरियल बाभळीच्या फांदीला अडकून मधोमध मोडला. घरी जोडता येईल का?

येईल. फायबर फक्त आधार देतं, रेडिओच्या लहरी पकडते ती आतली बारीक तार. म्हणून नुसतं अरल्डाइट लावून भागत नाही, आधी तार जुळली पाहिजे.

दोन्ही टोकांचं फायबर दीड-दोन सेंटिमीटर सोला. हातमोजे घाला अन् घासताना पाणी मारा. काचेची कुसं कातडीत शिरली की दिवसभर आग होते. तारेवर वार्निश असतं, ते ब्लेडनं खरवडून तांबं चमकेपर्यंत काढा, मगच डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. तारेची लांबी घटू देऊ नका, कमी पडली तर तेवढाच तुकडा जोडा. मल्टिमीटरनं तार सलग असल्याची खात्री करा.

डाग देण्याआधीच प्लास्टिकच्या नळीचा तुकडा एका बाजूनं ओवून ठेवा, नंतर तो जात नाही. सांध्यावर अरल्डाइट भरून नळी सरकवा. लोखंडी नळी किंवा तारेचा वेढा अजिबात नको, स्टेशन बिघडतं. 24 तास हलवू नका.

अगदी बुडाशी मोडला असेल तर मात्र नवाच घ्या. तिथं सगळा हिसका बसतो, सांधा टिकत नाही.