सर्व्हर बदलला, तरी मोबाइलवर जुनीच वेबसाइट दिसते. डोमेन नेमकं असतं कुठे?

लॅपटॉपवर नवी वेबसाइट आणि मोबाइलवर जुनी, म्हणजे बदल बहुधा नीट झालाय. फक्त मोबाइलला मिळणारं उत्तर शिळं आहे.

डोमेन हे नुसतं नाव. संगणक एकमेकांना आयपी अ‍ॅड्रेसवरून शोधतात. कुठल्या नावाचा कुठला अ‍ॅड्रेस, हे डीएनएस (डोमेन नेम सिस्टिम) सांगतं. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कच्या काळात ही सगळी नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि जो तो ती उतरवून घ्यायचा. यंत्रं वाढली तसं ते झेपेना, म्हणून १९८३ साली संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिची गंमत अशी, की पूर्ण यादी कुणा एकाकडे नसतेच.

नावाचा शोध उजवीकडून सुरू होतो. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ टाइप केलंत, की तुमच्या वतीने एक रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून अ‍ॅड्रेस शोधून देणारा सर्व्हर, विचारत सुटतो. सगळ्यात वरचा रूट सर्व्हर सांगतो, ‘डॉट कॉमवाल्यांना विचार.’ ते सांगतात, ‘या नावाचे नेमसर्व्हर अमुक.’ नेमसर्व्हर म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी (रेकॉर्ड) ठेवणारे सर्व्हर. आणि त्यांच्यावरच्या ए रेकॉर्डमध्ये अखेर अ‍ॅड्रेस सापडतो. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

दर वेळी एवढी वणवण नको म्हणून रिझॉल्व्हर ते उत्तर जपून ठेवतो. किती वेळ, ते रेकॉर्डच्या टीटीएलवर, म्हणजे सेकंदांत दिलेल्या मुदतीवर ठरतं: ३६०० असेल तर तासभर. तुमचा मोबाइल डेटावर आणि लॅपटॉप वायफायवर असेल, तर दोघांचे रिझॉल्व्हर बहुधा वेगळे. एकाकडचं जुनं उत्तर संपलं, दुसऱ्याकडचं अजून शिल्लक आहे. लोक याला ‘प्रोपगेशन’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण इथे नवं काही पसरत नसतं, जुनं बाद होत असतं.

तुम्ही नुसता ए रेकॉर्ड बदलला की नेमसर्व्हरच बदलले, ते लिहिलं नाहीत. नेमसर्व्हर बदलले असतील तर धीर धरा: डॉट कॉमच्या सर्व्हरवर त्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. ‘४८ तास थांबा’ असं जे सगळे सांगतात, त्याच्याशी हा आकडा जुळतो. तोवर जुनं होस्टिंग बंद करू नका. टीटीएल आता कमी करूनही उपयोग नाही, ज्यांनी जुनं उत्तर साठवलंय त्यांच्याकडे जुनीच मुदत चालू आहे. पुढच्या वेळी बदलाच्या एक-दोन दिवस आधीच तो ३०० वर आणा.

अजून एक, आणि हे आजच बघा. नेमसर्व्हर बदलताना एमएक्स रेकॉर्ड (ईमेल कुठल्या सर्व्हरकडे पाठवायचे ते सांगणाऱ्या नोंदी) नव्या जागी उतरवायचे राहून जातात. वेबसाइट झकास चालते, पण त्या डोमेनवरचे ईमेल यायचे बंद होतात आणि ते लगेच कुणाच्या लक्षातही येत नाही.