टिपांवरचा कर गेला, माझ्या पदरात काय?

प्रश्न : काकू, मी ह्यूस्टनमध्ये एका रेस्टॉरंटात वेट्रेस आहे. टिपा धरून वर्षाला २०,००० डॉलर होतात. घटस्फोट झालाय, चार आणि नऊ वर्षांची मुलं माझ्याकडे असतात. तिघंही सिटिझन आहोत. एक पक्ष म्हणतो, टिपांवरचा कर काढला, मुलांमागे मिळणारी करसवलत, म्हणजे चाइल्ड क्रेडिट, वाढवलं. दुसरा म्हणतो, २०२१चं क्रेडिट परत आणू. मुलांना मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, आहे, मला विमाच नाही. मी कशावर भरवसा ठेवू?

उत्तर : अगं, आधी तुझा डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा कागद, काढ. दर फेब्रुवारीत मी व्हीटा या फुकट करमदत योजनेच्या टेबलावर लोकांची रिटर्न्स भरून देते, तेव्हा पहिलं बोट ४ आणि ६ नंबरच्या चौकटींवर ठेवते. सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणाचा विमा) यांची कपात, मिळून ७.६५ टक्के. तुझे १,५३० डॉलर तिथे गेले, टिपांवरचेही. टिपांवर सूट देणाऱ्या २०२५च्या नव्या कायद्यानंतरही ते जातातच. सूट आहे ती इन्कम टॅक्सवर, आणि तो तुला होताच कुठे? हेड ऑफ हाउसहोल्डचं, म्हणजे एकट्याने घर चालवणाऱ्याचं, २०२५चं स्टँडर्ड डिडक्शन (करमाफ रक्कम) २३,६२५ आहे, तुझी कमाई त्याच्या आतच. २०२४ला ट्रम्प आणि हॅरिस, दोघांनीही टिपांचं हे आश्वासन दिलं होतं, तेव्हा एकाच पक्षावर चिडू नकोस.

आता मुलांचं क्रेडिट. दर मुलामागे २,००० चे २,२०० झाले, म्हणजे दोघांचे ४,४००. पण कर शून्य असला की हातात येतो तो फक्त परताव्याचा भाग : कमाईतून २,५०० वजा करायचे, उरलेल्याचे १५ टक्के. १७,५०० चे २,६२५. २०२४साठी हाच हिशेब केला असता तरी २,६२५च आले असते. वाढवलेल्या दोनशेतला एक डॉलरही तुझ्यापर्यंत पोचला नाही. २०२१ला कमाईची ही अटच नव्हती. या वयाच्या दोन मुलांना ३,६०० आणि ३,००० मिळायचे, त्यातले महिन्याला ५५० जुलैपासून डिसेंबरपर्यंत थेट खात्यात. म्हणून कोणी क्रेडिट वाढवतो म्हणाला, की विचार : कर नसलेल्याला रोख मिळणार का?

ईआयटीसी, म्हणजे कमी कमाईच्या कामकऱ्यांना रोख मिळणारं क्रेडिट, मात्र सोडू नकोस. दोन मुलं आणि २०,००० कमाई, म्हणजे २०२५साठी पूर्ण ७,१५२.

विम्याचं दुखणं निराळं आहे. २०१०च्या आरोग्यविम्याच्या कायद्यात (ओबामाकेअर) गरिबांना मेडिकेड मिळणार हे धरलेलं होतं. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि टेक्सासने नाकारलं. तिथल्या मेडिकेडसाठी तुझी कमाई जास्त, आणि मार्केटप्लेसच्या, म्हणजे त्याच कायद्याने उभ्या केलेल्या विमा-बाजारातल्या, सबसिडीसाठी कमी! सबसिडी दारिद्र्यरेषेपासून पुढे सुरू होते. २०२६च्या विम्यासाठी तिघांच्या घराला ही रेषा वर्षाला २६,६५० आहे. जास्तीच्या शिफ्ट मिळून तेवढी कमाई खरंच होणार असेल, तर अर्ज कर. आकडा फुगवून मात्र लिहू नकोस. महिन्याला ८० तास कामाची जी नवी अट ऐकतेस, ती मेडिकेड वाढवलेल्या राज्यांतल्यांसाठी आहे, आणि मूल तेरा वर्षांचं किंवा लहान असेल तर आईबापांना तिथेही सूट आहे.

एक राहिलंच. मुलांच्या वडिलांनी फॉर्म ८३३२, म्हणजे मुलाचं क्रेडिट दुसऱ्या पालकाला देण्याचा कागद, पुढे केला तर घाईने सही करू नकोस. सही केलीस की त्या मुलाचं चाइल्ड क्रेडिट त्यांच्याकडे जातं. मुलं तुझ्याकडे राहतात म्हणून ईआयटीसी तुझंच राहतं, तेव्हा ‘सगळंच माझ्या नावावर’ असं ते म्हणाले तरी ऐकायचं नाही.