१३ वर्षांच्या मुलाला पेठेतल्या तालमीत घातलं तर दंड-बैठकांनी त्याची उंची खुंटेल का?

नाही, दंड-बैठकांनी किंवा कुस्तीच्या सरावाने उंची खुंटत नाही, खुशाल पाठवा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातल्या पालकांकडून (आणि त्याहून जास्त आज्यांकडून) ही भीती कायम ऐकते. मांडी, नडगी, दंड यांची हाडं लांबीला वाढतात ती टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ थरातून. तिथल्या पेशी विभागतात, फुगतात आणि मग त्यांच्या जागी हाड तयार होतं. हा थर बंद होतो (म्हणजे हाडाची लांबी वाढणं थांबतं) तो व्यायामामुळे नव्हे, संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे), मुख्यतः इस्ट्रोजेन या ‘स्त्री-संप्रेरका’मुळे. हो, मुलग्यांमध्येसुद्धा! मुलींमध्ये साधारण १४-१५, मुलग्यांमध्ये १६-१७ व्या वर्षाच्या आसपास. उंची किती होणार हे बरंचसं आनुवंशिकतेवर ठरतं. उलट वाढीच्या वयात ताण पडला की हाड जाड आणि घट्ट होतं; लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते याचमुळे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: या वयात तो कूर्चेचा थर आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा (हाडांना हाडांशी जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, म्हणजे लिगामेंट्सपेक्षा) कमजोर असतो. म्हणून पडल्यावर मनगट, कोपर, गुडघा किंवा घोटा सुजला, हाडावर दाबून दुखलं, तर ‘मुरगळलं असेल’ म्हणत तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा. त्या थराला झालेली इजा दुर्लक्षित राहिली तर हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं. जड वजनं वस्तादांच्या देखरेखीशिवाय नकोत. आणि वजनी गटात बसण्यासाठी उपाशी ठेवणं अजिबात नको, वाढीला खरा धोका त्याचा आहे.