बाळंतपणापासून लघवी सतत गळते, इतक्या वर्षांनी ऑपरेशन करून उपयोग होतो का?

तुमच्या मावशीची लघवी बाळंतपणापासून गळतेय आणि घरचे म्हणतात ‘आता काय उपयोग’. असं म्हणणारे आमच्याकडेही आहेत, माझे मोठे काका, म्हणून लिहितेय. ऑपरेशन करा.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आत्या निमाडात दिलेली. पहिलटकरीण, दोन दिवस कळा, सुईण आपली ‘होईल होईल’. मूल मेलेलंच आलं, आणि आठवड्याभरात लघवी गळायला लागली ती थांबेचना. बाळाचं डोकं अडकून राहिलं की मूत्राशय हाडाशी चेपला जातो, रक्त पोचत नाही, तेवढं मांस मरून गळतं आणि भोक राहतं, त्यालाच फिस्टुला म्हणतात. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. लग्नकार्यात ती दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची धरायची आणि उठताना पदराने पुसून घ्यायची. प्रवास असला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. त्याने लघवी जास्तच जळजळीत व्हायची, मांड्या सोलवटायच्या. काकांनी तिला स्वयंपाकघर बंद केलं. ‘पूर्वजन्मीचं काहीतरी’ म्हणे!

मग इथिओपियातल्या बायकांचंही पूर्वजन्मीचंच का? हॅमलिन नवरा-बायको, दोघं डॉक्टर, १९५९ मध्ये अदीस अबाबाला गेले आणि पुढे याच दुखण्यासाठी तिथे वेगळं हॉस्पिटल काढलं. त्याच्या शंभरेक वर्षं आधी अलाबामात सिम्स नावाच्या डॉक्टरने हे ऑपरेशन बसवलं ते अनार्का, बेट्सी, लुसी अशा गुलाम बायकांवर, भूल न देता. अमेरिकेत आज हे क्वचितच दिसतं, कारण अडलेल्या बाईला वेळेत सिझेरियन मिळतं. तिथल्या बायका काही जास्त पुण्यवान नाहीत.

आत्याचं ऑपरेशन इंदूरलाच झालं, काकांशी कडाक्याचं भांडून. दोनेक आठवडे लघवीची नळी होती. ती काढल्यावर अंथरूण कोरडं. काका अजून म्हणतात, ‘आपोआपच थांबलं असतं.’ इतकं जुनं भोक आपोआप बुजत नाही, काका.

डॉक्टर निवडताना सरळ विचारा, फिस्टुलाची ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता का? पहिल्याच खेपेला जमण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, त्यामुळे शिकाऊ हातात देऊ नका. आणि हो, फक्त खोकताना-शिंकताना थेंब जात असतील तर तो प्रकार वेगळा, त्याचे उपाय वेगळे. निळं औषध मूत्राशयात सोडून भोक आहे का ते बघतात. भोक बुजूनही काहींची थोडी गळती राहते, हेही मावशीला आधीच सांगा. काकांसारख्यांना मात्र तारीख ठरल्यावरच कळवा.