तंत्रशंका : पडद्यापेक्षा मोठा फोटो कशाला?

प्रश्न : शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी २४० फोटोंचा, आपोआप फिरत राहणारा स्लाइड शो पॉवरपॉइंटमध्ये केला आहे. फाइल ९०० एमबीच्या वर गेली, फोटो बदलताना लॅपटॉप अडखळतो आणि शाळेच्या प्रोजेक्टरवर बहुतेक फोटोंना चारही बाजूंनी काळी चौकट दिसते. फोटो नेमके कुठल्या आकाराचे हवेत?
– एक शिक्षक, कराड

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी चौकटीचं बघू. ती निस्तरण्याआधी फोटो कापायला बसलात, तर सगळं काम पुन्हा करावं लागेल.

शाळांमधल्या जुन्या प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन (रुंदी × उंचीतले पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) बऱ्याचदा १०२४ × ७६८ असतं, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३. पॉवरपॉइंट मात्र २०१३ च्या आवृत्तीपासून नवी फाइल १६:९ ची उघडतं. ही रुंद स्लाइड त्या पडद्यावर वर-खाली काळे पट्टे सोडून १०२४ × ५७६ एवढ्यात बसते. मोबाइलचा आडवा फोटो पुन्हा ४:३ चा. तो रुंद स्लाइडमध्ये डावी-उजवीकडे पट्टे सोडतो आणि उरतो ७६८ × ५७६. पडद्याचा ४४ टक्के भाग असा काळोखात जातो.

त्यामुळे पहिलं काम : प्रोजेक्टर जोडा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये त्याचं रिझोल्यूशन वाचा. ते ४:३ निघालं तर डिझाइन, स्लाइड साइझ, स्टँडर्ड ४:३. फोटो आधीच घातलेले असल्याने पॉवरपॉइंट ‘मॅक्सिमाइझ’ की ‘एन्शुअर फिट’ असं विचारेल. दुसरा पर्याय निवडलात तर फोटो आणखी लहान होतील, म्हणून पहिला घ्या. मग प्रत्येक स्लाइड नजरेखालून घाला. लांबट फोटोंच्या कडा स्लाइडबाहेर गेलेल्या असतील, ते तेवढे हाताने लहान करा.

आता वजन. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो. जेपीजी म्हणून तो ४ एमबीचा दिसला, तरी पडद्यावर आणण्यासाठी उलगडल्यावर मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा खातो. अडखळणं तिथेच येतं. फुल एचडी पडद्यावर पिक्सेलच मुळात १९२० × १०८०. फोटोतले बाकीचे पिक्सेल लॅपटॉप दर वेळी मोजून टाकून देतो. तुमच्या फोटोंना १४४० × १०८० भरपूर झालं. प्रोजेक्टरला त्याहूनही कमी चालेल, पण पुढे हाच शो एखाद्या टीव्हीवर लावाल तेव्हा पुन्हा बसायला नको. फाइलमध्ये लिहिलेला ‘७२ डीपीआय’ किंवा ‘३०० डीपीआय’ (इंचामागे ठिपके) हा आकडा छपाईसाठी असतो. इथे तो विसरा, फक्त पिक्सेल बघा.

फोटो लहान करायचे ते पॉवरपॉइंटमध्ये घालण्याआधी. इरफानव्ह्यू हे फोटोंचं सॉफ्टवेअर उघडून बी ही कळ दाबा, बॅच कन्व्हर्शन (अनेक फोटो एकदम बदलण्याची सोय) येईल. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिसाइझ निवडून रुंदी १९२०, उंची १०८० भरा. प्रमाण राखण्याच्या खुणेवर टिक हवीच, नाहीतर माणसं आडवी पसरतील. लहान फोटो न वाढवण्याचीही खूण करा. जेपीजी क्वालिटी ८५, आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळ फोटोंना हात लावायचा नाही. आडवा मोबाइल फोटो आपोआप १४४० × १०८० होईल, उभा ८१० × १०८०. २४० फोटोंची फाइल मग साधारण शंभर-सव्वाशे एमबीत मावेल. नावं ००१, ००२ अशी दिलीत तर क्रमाचा घोळ होत नाही.

नव्याने घालायला वेळच नसेल तर तयार फाइलची प्रत करून कुठलाही फोटो निवडा आणि पिक्चर फॉरमॅटमधल्या ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’वर जा. ‘फक्त या चित्राला लागू’ ही टिक काढा (लोक हमखास इथेच फसतात) आणि १५० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) निवडा. १६:९ स्लाइड १३.३३ इंच रुंद असते, म्हणजे २००० पिक्सेल मिळतात. ईमेलसाठीचा ९६ चा पर्याय १२८० वर आणून ठेवतो. मोठ्या टीव्हीवर ते जाणवतं.

पट्टे नकोत म्हणून ४:३ फोटो कापून १६:९ करण्याची फार हौस असते. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो. निसर्गदृश्याला चालेल, वर्गाच्या समूह फोटोत मागच्या रांगेची डोकी तरी उडतात, नाहीतर पुढे मांडी घालून बसलेली मुलं. समूह फोटो कापूच नयेत. उभे फोटो मात्र १६:९ स्लाइडवर दोन-दोन शेजारी लावा : ८१० अधिक ८१०, मध्ये अंतर सोडूनही छान बसतात.

प्रश्न : साडेतीन बाय पाच इंची जुने कृष्णधवल फोटो किती डीपीआयवर स्कॅन करावेत?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : इथे मात्र डीपीआयला अर्थ आहे, कारण पिक्सेल तोच ठरवतो. ३०० ला १०५० × १५०० मिळतात, आडव्या फोटोला जेमतेम पुरतात. ६०० घ्या, कापायलाही वाव राहतो. साडेचार सेंटिमीटर उंचीचा पासपोर्ट फोटो ३०० ला जेमतेम ५३० पिक्सेल उंच येतो. त्याला ६०० हवाच. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर स्कॅनरमधला ‘डीस्क्रीन’ पर्याय चालू करा, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांची जाळी चेहऱ्यावर उमटते.

प्रश्न : शो चालू असताना कोणीतरी माउसला हात लावतं आणि स्लाइड पुढे सरकते. उपाय?
– वाचक, इंदूर

उत्तर : ट्रान्झिशन्समध्ये ‘ऑन माउस क्लिक’ची टिक काढा, ‘आफ्टर’मध्ये ६ सेकंद भरा आणि ‘अप्लाय टू ऑल’ करा. गर्दीच्या समूह फोटोंना मात्र १० सेकंद द्या, लोक त्यात स्वतःला शोधत असतात. मग स्लाइड शो, सेट अप, ‘ब्राउज्ड अ‍ॅट अ किऑस्क’. क्लिकने काही हलत नाही आणि एस्केप दाबेपर्यंत शो फिरत राहतो. वेळा न भरता किऑस्क लावलात तर पहिलीच स्लाइड चिकटून बसेल. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, चार्जर लावून ठेवा.

लॅपटॉपच नको असेल तर एक्स्पोर्टमधून फुल एचडी व्हिडिओ करून पेनड्राइव्हवर टाका आणि टीव्हीवर रिपीट लावा. पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकाराने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही. काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या खातात, तेव्हा फोटोखालची नावं अगदी काठाला लिहू नका.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो पडद्यावर धूसर का दिसतात?
– वाचक, पणजी

उत्तर : पाठवतानाच ते लहान होतात, साध्या (स्टँडर्ड) दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. सेव्ह करून दोन-तीनदा पुन्हा पाठवलेल्या फोटोची अवस्था आणखी वाईट. वाढवून उपयोग नाही. ज्याने काढला त्याच्याकडून ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल मागवा.