वाचक विचारतात : घरात बसून हेलिकॉप्टर

गेल्या अंकात विमानांच्या सिम्युलेटरवर लिहिताना शेवटी "हेलिकॉप्टर हा वेगळाच विषय आहे, पुन्हा कधीतरी" असं म्हणून सोडून दिलं होतं, तर निम्म्याहून जास्त मेल त्या एका वाक्यावरच आले. घ्या मग, या वेळी सगळं हेलिकॉप्टरच. विमानवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमधलं कॅब्री हेलिकॉप्टर घेतो, कलेक्टिव्ह (डाव्या हाताचा, हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) उचलला की दोन फूट वर जाऊन गरागरा फिरतं आणि आडवं होतं. व्हिडिओत सांगतात तसा डावा पेडल देतो (ट्विस्टवाली जॉयस्टिक आहे, वेगळे पेडल नाहीत), तर अजूनच फिरतं. सिम गंडलंय की मी? – एक वाचक, कोथरूड

अरे, दोघंही ठीक आहात, व्हिडिओवाला अमेरिकन हेलिकॉप्टर उडवत होता एवढंच. बेल, रॉबिन्सन यांचा मुख्य रोटर (डोक्यावरचा पंखा) वरून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे कलेक्टिव्ह उचलला की नाक उजवीकडे पळतं आणि डावा पेडल द्यावा लागतो. कॅब्री जी२ फ्रेंच आहे. फ्रेंच आणि रशियन हेलिकॉप्टरांचे रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणजे नाक डावीकडे जातं आणि पेडल उजवा लागतो. आपलं चेतक मूळचं फ्रेंच अल्युएत ३, त्यामुळे तिथेही उजवाच, आणि एमआय-८, एमआय-१७ पण त्याच पंगतीत. तू डावा देत होतास म्हणजे जे आधीच फिरतंय त्याला अजून ढकलत होतास. उद्या बेल ४०७ घेऊन बघ, तोच व्हिडिओ एकदम बरोबर वाटायला लागेल.

पण एवढ्याने हॉवर (हवेत एका जागी थांबणं) येणार नाही हेही सांगून ठेवतो. हेलिकॉप्टरमध्ये एक कंट्रोल हलवला की बाकीचे दोन हलवावेच लागतात, कलेक्टिव्ह वाढवला की पेडल, पेडल बदलला की शेपटीच्या पंख्याचा जोर बदलून हेलिकॉप्टर बाजूला सरकतं म्हणून सायक्लिक (समोरची काठी, कलवाल तिकडे हेलिकॉप्टर कलतं), सायक्लिक कलला की उचल थोडी कमी होते म्हणून परत कलेक्टिव्ह, आणि हे चक्र थांबतच नाही. संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून पाय न टेकवता स्कूटर काढायची तसं आहे, वेग असला की सोपं आणि थांबायला गेलात की कसरत. म्हणून हॉवरपासून सुरुवात करूच नकोस. धावपट्टीवर उड, ६० नॉट वेगाने सरळ जा, मग हळूहळू ५०, ४०, ३० असा खाली ये. साधारण १६ ते २४ नॉटच्या दरम्यान रोटर स्वतःच्याच खवळलेल्या हवेतून बाहेर पडून स्वच्छ हवेत शिरतो आणि उचल एकदम वाढते, तिथे मशीन थरथरतं आणि नाक वर यायला बघतं. वेग कमी करताना हेच उलट होतं, आधार काढून घेतल्यासारखी उचल जाते. तो टप्पा हाताला ओळखीचा झाला की मग थांबायचं.

दुसरी गोष्ट, सायक्लिकला हेलिकॉप्टर लगेच उत्तर देत नाही. आपण डावीकडे देतो, काही होत नाही म्हणून अजून देतो, मग दोन्हीचं उत्तर एकदम येतं, घाबरून उजवीकडे दुप्पट देतो आणि तिसऱ्या झोक्याला आडवे. काठी हलवायची नाहीच, नुसता दाब द्यायचा आणि परिणाम दिसायच्या आधीच तो काढून घ्यायचा. नजर समोरच्या गवतावर नको, लांब क्षितिजावर ठेव. आणि ट्विस्टचं म्हणशील तर मनगट पिळताना काठी थोडी तरी बाजूला जातेच, म्हणजे पेडल देताना नकळत सायक्लिकही दिला जातो. सेटिंगमध्ये टेल रोटरची (शेपटीच्या पंख्याची) मदत चालू करता येते, पेडल येईपर्यंत ती बिनधास्त लाव, कोणी पोलीस पकडत नाही.

प्रश्न : बजेट आहे, पण बायको म्हणते नक्की काय घ्यायचंय ते एकदाच सांग, दर महिन्याला खोकं नको. पेडल, कलेक्टिव्ह की व्हीआर हेडसेट? आणि कर्व्ह (सेटिंगमधून काठीची संवेदनशीलता बदलणं) लावू का? – एक आयटीवाले, पिंपळे सौदागर

पेडल. वहिनींना सांगा की हे पहिलं खोकं, आणि पुढचं सहा महिन्यांनी ठरवू.

पेडलमध्ये एक भानगड आहे. बाजारातले बहुतेक पेडल विमानासाठी केलेले असतात, पाय सोडला की स्प्रिंग त्यांना मधे आणते. हेलिकॉप्टरचे पेडल जिथे ठेवाल तिथे राहतात आणि हॉवरमध्ये ते मधे जवळपास कधीच नसतात, म्हणजे स्प्रिंग असेल तर तुमचा पाय पूर्ण वेळ स्प्रिंगशी कुस्ती खेळतो आणि बारीक हालचाल जमत नाही. त्यामुळे घेताना बघा की स्प्रिंग काढता येते का किंवा मऊ करता येते का. एमएफजी क्रॉसविंडसारख्या पेडलमध्ये हे जमतं. थ्रस्टमास्टरचे स्वस्तातले टीएफआरपी चालतात, पण त्यात दोन पाय फार जवळ येतात, उंच माणसाचे गुडघे एकमेकांवर आपटतात. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून हिशोब करा, नुसती वेबसाइटवरची किंमत बघून वहिनींना आकडा सांगू नका.

जॉयस्टिक आहे ती राहू द्या, फक्त तिच्या मुख्य अक्षांना मॅग्नेटिक सेन्सर आहे का बघा. थ्रस्टमास्टर टी.१६०००एम जुनी आणि प्लास्टिकची असली तरी तिच्यात तो आहे. पोटेन्शिओमीटरवाली (आत घासत फिरणारा सेन्सर असलेली) काठी वर्ष-दोन वर्षांत मधल्या भागात घासून उड्या मारायला लागते, आणि हॉवर नेमका मधल्या भागातच असतो.

कर्व्हबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. नका लावू. कर्व्ह लावला की मधला भाग मऊ होतो आणि कडेचा तिखट होतो, हॉवरमध्ये छान वाटतं, पण १०० नॉटला जाताना काठी बरीच पुढे असते आणि तिथे तोच कर्व्ह तुम्हाला हिसका देतो. एकाच मशीनचे दोन स्वभाव होतात आणि हात काही शिकत नाही. त्यापेक्षा काठी लांब करा. टेबलावरची छोटी काठी मनगटाने हलते, खरा सायक्लिक गुडघ्यांच्या मधे असतो, हात मांडीवर टेकलेला असतो आणि हालचाल बोटांची असते. काठी टेबलावरून काढून खुर्चीसमोर खाली बसवली आणि १५-२० सेंटिमीटरचं एक्स्टेन्शन लावलं की तेवढ्याच कोनासाठी हाताला जास्त अंतर मिळतं, बारीक काम आपोआप येतं. फक्त प्लास्टिकच्या बेसवर लांब नळी लावलीत तर तिच्या वजनाने स्प्रिंग हरते, ते बघून करा.

फोर्स फीडबॅकचे (मोटरने हाताला जोर जाणवून देणारे) काठीचे बेस आता परत यायला लागलेत, मोझाचा एबी९, व्हीपीफोर्सचा ऱ्हायनो वगैरे. त्यांचा हेलिकॉप्टरला खरा उपयोग हा की ट्रिमचं बटण सोडलं की काठी तिथेच थांबते. महाग आहेत, पण खोटं कशाला सांगू, एकदा हात लावला की परत स्प्रिंगवर यावंसं वाटत नाही.

व्हीआर नंतर. तोपर्यंत ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि साधा वेबकॅम, मान वळवली की दृश्य वळतं. उतरताना खाली-बाजूला बघता आलं तरी अर्धं काम झालं.

प्रश्न : लॅपटॉप आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डाचा, ४ जीबीवाला. आकडा ४५ एफपीएस (सेकंदाला ४५ चित्रं म्हणजे फ्रेम) दाखवतो तरी खालून उडताना धक्के बसतात. – सिंहगड रोड

तो आकडा सरासरी आहे, धक्के सरासरीत दिसत नाहीत. विमान ३०,००० फुटांवर असतं तेव्हा खालचं पुणं हळू सरकतं, तुम्ही २०० फुटांवर आहात म्हणजे दर सेकंदाला नवीन इमारती, झाडं, टेक्सचर (पृष्ठभागांची चित्रं) येतात आणि तुमच्या कार्डाच्या ४ जीबी मेमरीत ती मावत नाहीत. टेक्सचर मध्यमवर आणा, लांबच्या जमिनीचा तपशील कमी करा, आणि स्क्रीन ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम ३० वर बांधून टाका. ३० म्हणजे प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंदांनी आणि तीही ठरलेल्या ठेक्याने, कधी ५५ कधी २५ यापेक्षा हॉवरला हे कितीतरी बरं, कारण हाताला कळतं की उत्तर कधी येणार आहे. फ्रेम जनरेशनने (कार्डाने मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालणं) आकडा वाढतो पण हात ते डोळा हा उशीर कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच, तेव्हा त्या आकड्यावर भुलू नका. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांसाठी वेगळी सूचना, तिथे फ्रेम २०च्या खाली गेले की सिम वेळच हळू चालवतं, म्हणजे "वा, आज हॉवर जमला" असं वाटतं आणि प्रत्यक्षात जग स्लो मोशनमध्ये असतं!

लॅपटॉप गादीवर ठेवू नका, चार्जर लावूनच खेळा. आणि गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स कधी ते बघून उडा.

प्रश्न : एक्स-प्लेन १२ मध्ये रॉबिन्सन आर२२ घेऊन सिंहगडावर उतरतो. डिसेंबरच्या सकाळी जमतं, मे महिन्यातली दुपार लावली की धप्पकन पडतो. बग आहे का? – सातारा रोड

छे, उलट सिमचं कौतुक करा. सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण ४,३०० फूट. सकाळचं १५ अंश धरलं तर हवा ५,३०० फुटांवर असल्यासारखी विरळ, आणि दुपारचे ३५ अंश धरले तर ७,७०० फुटांसारखी. गड तोच, पण तुमच्या रोटरसाठी तो अडीच हजार फुटांनी उंच झाला. खाली लोहगाव विमानतळावरसुद्धा ४० अंशांना हवा ५,४०० फुटांसारखी असते. आर२२ म्हणजे सगळं धरून ६२२ किलोचं चिमुकलं मशीन, त्यात दोन माणसं आणि टाकी भरून घेतली की गडावर हॉवरला ताकद जेमतेमच उरते.

मग काय होतं ते नीट बघा. तुम्ही कलेक्टिव्ह ओढता, इंजिन आधीच पूर्ण ताकदीवर असतं, त्यामुळे पात्यांचा कोन वाढतो पण फिरण्याचा वेग कमी व्हायला लागतो, ९७ टक्क्यांच्या आसपास हॉर्न वाजतो आणि जमीन जवळ येतेय म्हणून हात अजून ओढतो. तिथेच उलटं करायचंय, कलेक्टिव्ह थोडा खाली, थ्रॉटल (इंजिनचा अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण, आणि जागा असेल तर नाक खाली करून दरीकडे वेग पकडायचा. गडावर दरी मुबलक आहे.

दुसरं कारण व्होर्टेक्स रिंग असू शकतं, आपणच खाली फेकलेल्या हवेच्या भोवऱ्यात आपण उतरतो. ३० नॉटच्या खाली असाल तर उतरण्याचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या आत ठेवा, आणि वारा पाठीमागून येत नाहीये ना ते बघा. मे महिन्यात अर्धी टाकी आणि एकच माणूस घेऊन परत जा.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, म्हणतो सिमवर तास भरले की पायलटचं लायसन लवकर मिळतं. खरं का? – एक आई, सदाशिव पेठ

नाही हो ताई. घरच्या सिमचा एकही तास डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या) लॉगबुकात धरत नाहीत, त्यासाठी मान्यता असलेलं उपकरण लागतं, जसं बेंगळुरूला एचएएल आणि सीएई यांनी मिळून काढलेल्या हॅट्सऑफमध्ये आहे. फायदा एवढाच की पहिल्या दिवशी कलेक्टिव्ह म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. बारावी होऊ द्या.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. कलेक्टिव्ह स्वतः बनवायचाय, लोखंडाचं काम येतं, इलेक्ट्रॉनिक्स येत नाही. – भोसरी

दादा, अवघड भाग तुम्हाला येतोच. बिजागरी सीटच्या डाव्या बाजूला मागे घ्या, म्हणजे हँडल वर येताना हलक्या कमानीत येईल. पूर्ण हालचाल ३५ ते ४० अंश पुरे. बिजागरीत नायलॉनचे वॉशर आणि वरून आवळता येईल असा नट, कारण हात सोडला तरी कलेक्टिव्ह तिथेच राहिला पाहिजे, ना वर ना खाली. वजन जाणवत असेल तर खालून एक स्प्रिंग ओढून घ्या.

आता तपकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दुकानात "जॉयस्टिकसाठी अर्डुइनो" (सेन्सर वाचून कॉम्प्युटरला सांगणारं छोटं बोर्ड) मागितलं की उनो हातात देतात, ते नको, ते कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो मागा, ३२यू४ चिपवालं. पोटेन्शिओमीटर घेणार असाल तर त्यावर बी१०के छापलेलं बघा. ए१०के हे आवाजाच्या बटणाचं, त्याची वाढ सरळ नसते, अर्धा कलेक्टिव्ह उचलला तरी काही नाही आणि पुढे एकदम उडी.

पण पोटेन्शिओमीटर घेऊच नका असं मी म्हणेन, हिशोब बघा. तो सुमारे ३०० अंश फिरतो आणि बोर्ड त्याच्या १,०२४ पायऱ्या वाचतं. तुमचा दांडा फिरणार ४० अंश, म्हणजे हाताशी उरल्या १३६ पायऱ्या, आणि हॉवरमध्ये हे चक्क जाणवतं, हेलिकॉप्टर एक तर वर नाही तर खाली, मधे थांबतच नाही. त्याऐवजी एएस५६०० नावाचं मॅग्नेटचं छोटं बोर्ड मिळतं, पूर्ण फेरीला ४,०९६ पायऱ्या, म्हणजे ४० अंशांत ४५५. घासायलाही काही नाही. मॅग्नेट मात्र त्याच्यासोबत येतो तोच, चकतीच्या व्यासावर उत्तर-दक्षिण असलेला, फ्रिजचा चिकटवलात तर चालणार नाही. तो बिजागरीच्या बरोबर मध्यावर आणि चिपपासून एक-दोन मिलिमीटरवर बसवा.

सिममध्ये अक्ष जोडताना थ्रॉटलला नाही, कलेक्टिव्हलाच जोडा, आणि वर ओढल्यावर वाढतोय ना ते बघा, उलटा असेल तर तिथेच टिक करून फिरवता येतो.

प्रश्न : पेडल दाबला की खुर्चीच मागे जाते. काय करू? – वारजे

खुर्चीची चाकं काढा. निघत नसतील तर प्लंबिंगच्या दुकानात पीव्हीसी पाइपची टोपणं मिळतात, चाकाच्या मापाची पाच आणा आणि प्रत्येक चाक एकेका टोपणात बसवा. तरी सरकली तर खुर्चीचा खांब आणि पेडलची पाटी एका पट्ट्याने बांधून टाका.