पुण्यात बीबीए सीएसाठी कॉलेज खरंच चांगलं आहे का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी कॉमर्स झालीय, तिला बीबीए सीए (म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) करायचंय आणि जिथे जाल तिथे शंभर टक्के प्लेसमेंट सांगतात, मग विश्वास कशावर ठेवायचा. मी पुण्यातच आयटीत आहे, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेते, त्यामुळे तीन वर्षांनी मुलांच्या हाती काय लागतं ते रोज बघते.

फ्लेक्सवरचे पॅकेज सोडून द्या. कॉलेजच्या वेबसाइटवर नॅकचा, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला दिलेला, एसएसआर हा स्वतःचा अहवाल असतो, त्यात 5.2 या मुद्द्यात नोकरी लागलेली आणि पुढे शिकायला गेलेली मुलं असतात, पण तो आकडा अख्ख्या कॉलेजचा, म्हणून सोबतची यादी उघडून आपल्या कोर्सची मुलं मोजा. नॅकची ग्रेडही तशीच, कॉलेजला मिळते, कोर्सला नाही. दुसरं म्हणजे 2024-25 पासून बीबीए, बीसीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली आलेत आणि प्रवेशाला राज्याची सीईटी लागते, ते टाळायला काही ठिकाणी कोर्सचं नावच बदललंय, तेव्हा डिग्रीवर नक्की काय छापून येणार हे लेखी विचारा.

आता खरं महत्त्वाचं. मी इंटरव्ह्यूत विचारते, मेसचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायचाय, डेटाबेसची टेबलं काढून दाखव. प्रायमरी कीची (टेबलातली प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण) व्याख्या सगळ्यांना येते हो, पण मेंबर चार दिवस गावी गेला तर त्याचा खाडा कुठे लिहिणार आणि महिनाअखेर बिलातून कसा वजा होणार, म्हटलं की बरीच मुलं गप्प. एखादी मुलगी म्हणते, खाड्याचं टेबल वेगळं ठेवते, तारखेसकट, पण आदल्या दिवशी कळवलं नसेल तर खाडा धरायचा का ते मेसवाल्या काकूंना विचारावं लागेल. हा प्रश्न जिला सुचला तिला मी लगेच घेते, कारण धंदा समजून घेऊन सिस्टिम बांधणं हेच तर या डिग्रीत शिकायचंय, आणि अकाउंट्स शिकलेल्या कॉमर्सच्या मुलांना ते जास्त जमायला हवं. पण प्रॅक्टिकलच्या स्लिपा, म्हणजे परीक्षेचे ठरलेले प्रश्न, पाठ करून पास होता येतं, मग कोण कशाला डोकं लावतंय!

म्हणून ओपन डेला नको, साध्या दिवशी जा आणि कॅन्टीनमधल्या थर्ड इयरच्या मुलांना विचारा की प्रोजेक्ट स्वतः केला की रेडिमेड विकत आणला, बाहेरून आलेले परीक्षक कोड उघडून बघतात का नुसती फाइल चाळतात, लेक्चर संपल्यावर लॅब उघडी असते का. हा कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतो, त्यामुळे शिक्षक सीएचबीवर (तासांप्रमाणे पगारावर) किती आणि डीबीएमएसचे, म्हणजे डेटाबेस शिकवणारे, सर वर्षात किती वेळा बदलले हेही विचारा, मुलं सगळं खरं सांगतात. पुढे एमसीए करायचं असेल तर ते 2020 पासून दोनच वर्षांचं झालंय, म्हणजे पाया या तीन वर्षांतच पक्का व्हायला हवा. आणि मुलीला सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या.